जाताना वळसा, येतानाही वळसा

“सर, बाहेरून दिसतं, आतूनच दिसत नाही.”

तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं वाचनालय. ग्रंथपाल मॅडमनी हे वाक्य मला ऐकवलं तेव्हा संध्याकाळची देवघेव सुरू झाली होती आणि टेबलापुढे पाच-सहा सभासद उभे होते. वाचनालयाने मोठ्या कष्टाने ग्रंथसूची संगणकावर आणली होती. त्यासाठी कोहा ही मुक्त प्रणाली घेतली होती. ती मुळात न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि आज आपल्याकडेही अनेक ग्रंथालयांत चालते. सर्व्हर म्हणजे एक साधा संगणक, बालविभागाच्या कपाटाशेजारी ठेवलेला. सभासद घरबसल्या मोबाइलवर पुस्तक शिल्लक आहे का ते पाहत होते. सर्व्हरपासून दहा पावलांवर बसलेल्या मॅडमना मात्र तेच पान उघडत नव्हतं. त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला होता. मोबाइलचं वायफाय बंद करायचं, स्वतःच्या डेटावर पान उघडायचं, पुस्तक शोधायचं, सभासदाला सांगायचं, आणि वायफाय पुन्हा चालू करायचं. तीन आठवडे हे असं चाललं होतं. त्याआधी येऊन गेलेल्या एका माणसाने नेट स्लो आहे असं सांगून वाचनालयाला जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला लावला होता. त्याचे पैसे वर्गणीतून गेले होते.

ही तक्रार मी त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी ठिकाणी ऐकली. शाळेत ऐकली, पतसंस्थेत ऐकली, दवाखान्यात ऐकली. सर्वांत जास्त ऐकली ती कॅमेरे बसवलेल्या दुकानदारांकडून: “घरी गेलो की दुकानाचे कॅमेरे दिसतात, दुकानात आलो की दिसत नाहीत.” शब्द बदलतात, दुखणं एकच. त्यावर उपाय म्हणून राउटर बदलले जातात, केबल नव्याने ओढल्या जातात, प्लॅन वाढवले जातात. यातल्या एकानेही फरक पडत नाही, कारण बिघाड वेगाचाही नसतो आणि केबलचाही नसतो. पत्ता कुठे बदलतो आणि कुठे बदलायचा राहून जातो, एवढाच प्रश्न असतो. ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आपण विसरभोळ्या माणसाला म्हणतो. इथे ती म्हण अक्षरशः घडते. सर्व्हर काखेत आहे, पण मोबाइलला ठाऊक असलेलं नाव त्याला थेट वेशीपर्यंत पाठवतं. तो वळसा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कित्येकदा तोच बरा असतो. मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट अशी की, वळसा घालायचा तर जातानाही घालावा लागतो आणि येतानाही. काम अडतं ते अर्ध्या वळशामुळे. पुस्तिकेतली पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती इथेच नीट उलगडून दाखवतो.

पत्ते ठरवून घेऊ. राउटरला बाहेरून मिळालेला पब्लिक पत्ता २०३.०.११३.५ धरू. ही मालिका जगभर लेखनातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे, त्यामुळे हा कुणाचाही खरा पत्ता नाही. राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१. सर्व्हर १९२.१६८.१.१०. मॅडमचा मोबाइल १९२.१६८.१.३७.

बाहेरचा सभासद वाचनालयाचं नाव टाकतो. डीएनएस त्या नावाचं उत्तर २०३.०.११३.५ असं देतो. पॅकेट राउटरच्या बाहेरच्या दारावर येतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डचा नियम आहे: ४४३ पोर्टवर जे येईल ते १९२.१६८.१.१० कडे पाठव. राउटर पॅकेटवरचा ‘कोणास’ हा पत्ता बदलतो, आपल्या तक्त्यात तशी नोंद करतो आणि पॅकेट आत सोडतो. सर्व्हर उत्तर लिहितो. उत्तर बाहेरगावचं आहे, म्हणून ते राउटरकडे जातं. राउटर तक्ता पाहतो, ‘कोणाकडून’च्या जागी पुन्हा २०३.०.११३.५ लिहितो आणि रवाना करतो. कुठल्याही सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही डोळ्यांपुढे आणा. ज्या टेबलावरून पत्र आवक झालं, त्याच टेबलावरून त्याचं उत्तर जावक झालं, म्हणून हिशेब लागला.

आता मॅडमचा मोबाइल, वायफाय चालू. तेच नाव, डीएनएसचं तेच उत्तर, २०३.०.११३.५. पॅकेट राउटरकडे जातं, पण ते आतल्या बाजूने आलेलं आहे. वाचनालयातल्या राउटरचा पोर्ट फॉरवर्डचा नियम ‘वॅनच्या बाजूने आलेलं पॅकेट’ अशा अटीने लिहिलेला होता. आतून आलेल्या पॅकेटला तो लागूच होत नव्हता. मग राउटरला वाटलं, २०३.०.११३.५ म्हणजे तर मीच, आणि त्याने स्वतःचंच पान पुढे केलं. मॅडमच्या मोबाइलवर ग्रंथसूचीऐवजी राउटरचं लॉगिनचं पान येत होतं. त्या बिचाऱ्या त्यात वाचनालयाचा पासवर्ड टाकून पाहत होत्या.

मी ती अट काढली आणि नियम पब्लिक पत्त्याला बांधला. मला वाटलं झालं काम. लॉगिनचं पान गेलं, पण ग्रंथसूची आली नाही. मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी पान उघडता आलं नाही असा संदेश आला.

बहुतेक लोक इथेच सोडून देतात आणि राउटरला दोष देतात. मी सर्व्हरवर बसून येणारी-जाणारी पॅकेट बघायला लागलो. टीसीपीचं संभाषण तीन पावलांनी सुरू होतं: एकाने सिन पाठवायचं, दुसऱ्याने सिन-अ‍ॅक पाठवायचं, पहिल्याने अ‍ॅक पाठवून होकार द्यायचा. पडद्यावर मला दिसलं ते असं. १९२.१६८.१.३७ कडून सिन आलं. सर्व्हरने १९२.१६८.१.३७ ला सिन-अ‍ॅक पाठवलं. आणि लगेच मोबाइलकडून रिसेट: हे माझं नाही, बंद कर. एका सेकंदाने पुन्हा तेच, मग दोन सेकंदांनी, मग चार. सर्व्हर प्रत्येक हाकेला ओ देत होता आणि मोबाइल प्रत्येक वेळी ती ओ नाकारत होता.

का नाकारत होता? सर्व्हरला आलेल्या पॅकेटवर ‘कोणाकडून’ म्हणून १९२.१६८.१.३७ लिहिलेलं होतं, कारण राउटरने फक्त ‘कोणास’ बदललं होतं. सर्व्हरने पाहिलं की हा तर माझ्याच गल्लीतला पत्ता आहे. मग उत्तर राउटरमार्गे पाठवायचं कशाला? त्याने एआरपीने मोबाइलचा हार्डवेअर पत्ता विचारला आणि उत्तर स्विचमधून सरळ देऊन टाकलं. उत्तरावर ‘कोणाकडून’ १९२.१६८.१.१०. मोबाइल वाट पाहत होता २०३.०.११३.५ च्या उत्तराची. १९२.१६८.१.१० शी त्याने बोलणंच सुरू केलेलं नव्हतं. अनोळखी माणसाने दिलेलं उत्तर त्याने परत केलं, आणि ते बरोबरच केलं. जाताना वळसा पडला होता, येताना पडला नव्हता.

इथे एक शंका मला नेहमी विचारली जाते: “वायफाय तर राउटरचंच आहे, मग उत्तरही राउटरमधूनच जातं ना?” जातं, पण वेगळ्या दाराने. एकाच मालिकेतल्या दोन यंत्रांमधलं पॅकेट राउटर स्विचसारखं पुढे सरकवतो. पत्ते बदलणारा तक्ता ज्या टेबलावर आहे, त्या टेबलावर ते पॅकेट सहसा येतच नाही. डबा एकच असला तरी आत खाती दोन आहेत. हे ध्यानात आलं की निम्मा गोंधळ संपतो.

दुसरा नियम लिहायला मला अर्धा मिनिट लागला. आतल्या मालिकेतून निघून १९२.१६८.१.१० कडे जाणाऱ्या पॅकेटचा ‘कोणाकडून’ही बदल आणि तिथे राउटरचा स्वतःचा आतला पत्ता लिही. आता सर्व्हरला वाटतं की विचारणारा १९२.१६८.१.१ आहे. तो उत्तर राउटरलाच देतो. राउटर तक्ता पाहतो, दोन्ही पत्ते उलटे करतो आणि मोबाइलला २०३.०.११३.५ च्या नावाने उत्तर पोचवतो. घाटातल्या हेअरपिन वळणासारखं पॅकेट ज्या बाजूने वर आलं त्याच बाजूने खाली उतरतं, म्हणून या रचनेला हेअरपिन नॅट म्हणतात. मॅडमनी पान उघडलं, रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या आजोबांचं पुस्तक शोधलं आणि वायफाय बंद न करता त्यांना सांगितलं, “आहे, दुसऱ्या खणात.”

नॅट या शब्दाबद्दल दोन वाक्यं. इंग्रजीत ते पत्त्याचं भाषांतर आहे. मराठीत भाषांतर म्हटलं की अर्थ तोच राहून भाषा बदलते असं मनात येतं, आणि इथे तसं काही होत नाही. पत्ता खोडून दुसरा लिहिला जातो. म्हणून या पुस्तिकेत मी सरळ ‘पत्ता बदलणं’ म्हणतो. राउटर, पॅकेट, पोर्ट, सर्व्हर हे शब्द केबल ओढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडात आहेत, ते तसेच ठेवले आहेत.

पत्ते बदलण्याची ही वेळ आली कशी, तेही थोडक्यात समजून घ्यावं. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. इंटरनेट विद्यापीठांबाहेर पडू लागलं तेव्हाच हे पत्ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं होतं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात पत्ता बदलणाऱ्या राउटरची कल्पना मांडली. आत कुठलेही खासगी पत्ते वापरा, बाहेर जाताना ते बदला. कायमचा इलाज होईपर्यंत वेळ मारून नेण्याचा हा उपाय आहे, असं त्यांनी त्या टिपणातच म्हटलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांच्या तीन मालिका पक्क्या केल्या. आपल्या ओळखीची १९२.१६८ ची मालिका त्यांतली सर्वांत लहान, ६५,५३६ पत्त्यांची. १० ने सुरू होणारी सर्वांत मोठी, १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांची. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले. तोवर तात्पुरता उपाय घराघरांत भिंतीवर लटकला होता.

त्या पहिल्या कल्पनेचा भर होता आतून बाहेर जाणाऱ्यांवर. आतल्याच माणसाने बाहेरच्या पत्त्याने आतल्याच सर्व्हरला हाक मारली तर काय, हा प्रश्न पुढे आला, आणि तो मुख्यतः आवाजी कॉल आणि खेळ यांमुळे आला, कारण तिथे एकाच छपराखालची दोन यंत्रं एकमेकांना पब्लिक पत्त्याने शोधत होती. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये यूडीपीसाठी आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये टीसीपीसाठी स्पष्ट लिहिलं गेलं की पत्ता बदलणाऱ्या यंत्राला हेअरपिन जमलंच पाहिजे. मूळ टिपणानंतर तेरा-चौदा वर्षांनी. बाजारातल्या डब्यांमध्ये आजही एकवाक्यता नाही, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये पोर्ट फॉरवर्ड करताना ‘नॅट लूपबॅक’ आधीच चालू असतं. पीएफसेन्समध्ये त्याला ‘नॅट रिफ्लेक्शन’ म्हणतात, आणि तिथे ‘प्युअर नॅट’ निवडल्यावर ‘कोणाकडून’ बदलण्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती खूण करायची राहिली की वाचनालयातला दुसरा बिघाड हुबेहूब उभा राहतो: अर्धा वळसा. मायक्रोटिकमध्ये दोन्ही नियम स्वतः लिहायचे, एक ‘कोणास’ बदलणारा डीएसटी-नॅटचा आणि एक ‘कोणाकडून’ बदलणारा मास्करेडचा. काही स्वस्त डब्यांत ही सोयच नसते, आणि मग कितीही खटपट केली तरी त्या डब्यात हा मार्ग निघत नाही.

नियम लिहिताना दोन खड्डे मी इतक्या वेळा पाहिले आहेत की त्यांच्यासाठी एक पूर्ण प्रकरण ठेवलं आहे. पहिला, पब्लिक पत्ता फिक्स नसतो तेव्हाचा. पत्ता रोज बदलत असेल तर नियमात तो लिहून ठेवून उपयोग नाही. म्हणून लोक ‘राउटरचा स्वतःचा कुठलाही पत्ता’ अशी अट घालतात. पण १९२.१६८.१.१ हाही राउटरचा स्वतःचाच पत्ता आहे. मग राउटरची सेटिंग उघडायला गेलं की समोर सर्व्हर येतो आणि राउटरमध्ये शिरायची वाट बंद होते. त्या अटीतून आतला पत्ता वगळायला विसरू नका. दुसरा खड्डा मास्करेडचा नियम सैल लिहिण्याचा. ‘आतल्या मालिकेतून आलेलं’ ही अट घालायची राहिली की बाहेरून येणारा प्रत्येक माणूसही सर्व्हरला राउटरच वाटू लागतो.

नियम अगदी काटेकोर लिहिला तरी हेअरपिनची एक किंमत असते, आणि ती मला एका पतसंस्थेत कळली. सर्व्हरवर मी फेलटूबॅन बसवलं होतं. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की तो पत्ता अडवायचा. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटं अडवतं, मी खबरदारी म्हणून एक दिवस केलं होतं. सोमवारी सकाळी एका कर्मचाऱ्याने सुट्टीवरून आल्यावर पासवर्ड चुकवला, पाच वेळा. सर्व्हरच्या दृष्टीने आतल्या सगळ्यांचा पत्ता एकच होता, १९२.१६८.१.१. एकाला अडवताना सगळं कार्यालय अडलं. काउंटरवर पिग्मीचे एजंट उभे, खातेदार उभे, आणि घरून काम करणाऱ्या दोघांना मात्र सगळं सुरळीत दिसत होतं. मी पोचेपर्यंत दीड तास गेला. बंदी काढायला एक मिनिट लागला, पण त्या दीड तासाने मला शिकवलं की मास्करेड केलं म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतून माणसं पुसली जातात. कोणत्या टेबलावरून काय झालं हे नंतर शोधायची पाळी आली, आणि पतसंस्थेत ती येते, तर वहीत एकच पत्ता ओळीने लिहिलेला सापडतो.

म्हणून दुसरा मार्ग सांगतो, कळसा काखेतच ठेवण्याचा. नाव तेच ठेवायचं, पण आतल्या लोकांना डीएनएसने त्या नावाचं वेगळं उत्तर द्यायचं. बाहेरच्याला २०३.०.११३.५, आतल्याला १९२.१६८.१.१०. वळसाच पडत नाही. पॅकेट स्विचमधून सरळ जातं, सर्व्हरच्या वहीत खरा पत्ता उमटतो, राउटरवर भार येत नाही. बाइंडमध्ये यासाठी ‘व्ह्यू’ आहेत. डीएनएसमास्क वापरणाऱ्या राउटरमध्ये एक ओळ पुरते. बरेच जण इथे विचारतात की आत सरळ आयपी टाकून का उघडू नये? पान उघडेलही, पण सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र नावाला दिलेलं असतं. आयपी टाकला की ब्राउझर लाल इशारा देतो, आणि कर्मचाऱ्यांना लाल इशारा ओलांडायची सवय लावणं मला अजिबात मान्य नाही. नाव आत आणि बाहेर एकच हवं.

हा मार्ग मला आवडतो, पण तो तुमच्या हातात पूर्णपणे नसतो. कुणी मोबाइलमध्ये बाहेरचा डीएनएस हाताने भरलेला असतो. त्याला आतलं उत्तर मिळतच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये डीएनएसची विचारणा एचटीटीपीएसमधून करण्याची पद्धत आरएफसी ८४८४ म्हणून ठरली. ती चालू असलेला ब्राउझर तुमच्या राउटरला न विचारता परस्पर बाहेर विचारून येतो. मग एकाच खोलीत एका मोबाइलवर पान उघडतं, दुसऱ्यावर नाही, आणि आपण बुचकळ्यात पडतो. लॅपटॉप घेऊन घरी गेलेल्या माणसाकडे आतलं उत्तर काही वेळ साठून राहतं आणि घरी पान उघडत नाही. त्याहून मोठी अडचण पोर्टची. बाहेर एकाच नावावर ४४३ पोर्ट ग्रंथसूचीकडे आणि ८४४३ पोर्ट कॅमेऱ्यांच्या यंत्राकडे वळवला असेल, तर आत ते नाव कुठल्या एका पत्त्याला बांधणार? डीएनएस पत्ता सांगतो, पोर्ट बदलत नाही. अशा वेळी प्रत्येक यंत्राला वेगळं नाव द्या आणि आत-बाहेर पोर्ट एकच ठेवा. हे सुरुवातीला केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. सगळीकडे जुनं नाव पोचल्यावर करायचं म्हटलं तर आठवडा जातो.

तिसरा मार्ग सर्वांत कमी वापरला जातो आणि मला तोच सर्वांत पटतो. सर्व्हर वेगळ्या मालिकेत ठेवा. म्हणजे सर्व्हर १९२.१६८.२.१० वर, माणसं १९२.१६८.१ मध्ये, आणि दोघांच्या मध्ये राउटर. आता सर्व्हरला विचारणाऱ्याचा पत्ता आपल्या गल्लीतला वाटत नाही. उत्तर आपोआप राउटरकडे जातं, राउटर तक्ता पाहून ‘कोणाकडून’ दुरुस्त करतो, आणि मोबाइलला हवं त्याच नावाने उत्तर मिळतं. मास्करेड लागत नाही, वहीत खरी माणसं राहतात. वळसा जाताना आणि येताना दोन्ही वेळा पडतो, तोही रस्त्याच्या रचनेमुळे. यासाठी व्हीलॅन जमणारा स्विच किंवा राउटरवर एक स्वतंत्र पोर्ट लागतो, आणि आतला सगळा भार राउटरवर पडतो, म्हणून रात्रीचा मोठा बॅकअप संथ होऊ शकतो. पण आणखी एक गोष्ट पदरात पडते. बाहेरच्या जगाला उघडा ठेवलेला सर्व्हर आणि हिशेबाचे संगणक एकाच गल्लीत राहत नाहीत. सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तरी तिजोरीच्या खोलीत शिरायला त्याला अजून एक दार लागतं. नव्याने मांडणी करणाऱ्याला मी हाच मार्ग सांगतो. चालू जागेत, एका संध्याकाळी, रांग उभी असताना, मी पुन्हा हेअरपिनच करीन.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. राउटरच्या वॅनवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्याकडे पब्लिक पत्ता नाही. एप्रिल २०१२ मध्ये ही मालिका सेवा देणाऱ्यांनी अनेक ग्राहकांमागे एक पब्लिक पत्ता वाटून देण्यासाठी राखली गेली. तिथे पोर्ट फॉरवर्डच चालत नाही, मग हेअरपिनचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी स्टॅटिक आयपी मागा. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत सर्व्हरला १२८ बिटांचा स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, आत आणि बाहेर एकच, आणि ही पुस्तिका तिथे बरीचशी गैरलागू होते. ते दिवस लवकर यावेत असं मला मनापासून वाटतं. पण आज ज्यांच्या कपाटाशेजारी सर्व्हर आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा, डब्बा किंवा सॉफ्टवेअर अजून चौथ्या आवृत्तीवरच अडलेलं असतं.

ही पुस्तिका मराठीत का, असं मला काही मित्रांनी विचारलं. तालुक्याच्या गावांत नेटवर्क उभं करणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. पावसात छपरावर चढून केबल ओढतात, हाताच्या सवयीने आठ तारा रंगाप्रमाणे लावून क्रिम्पिंग करतात, आवाजावरून स्विचचा पंखा गेलेला ओळखतात. त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलेलं नाही. ती मुलं सेटिंगची पानं पाठ करतात: तिसऱ्या टॅबवर जा, खाली खूण करा, सेव्ह करा. राउटरचं मॉडेल बदललं की पाठांतर वाया जातं. पॅकेट कुठून निघालं, कुठे त्याचा पत्ता बदलला आणि उत्तर कुणाच्या नावाने परत आलं हे एकदा मनात उतरलं, की कुठल्याही कंपनीचा डब्बा हातात आला तरी ती मुलं योग्य जागा शोधून काढतात. हे मी माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांमध्ये पाहिलं आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितो. या पुस्तिकेत सेटिंगच्या पानांची चित्रं कमी आहेत आणि पत्त्यांचे तक्ते जास्त आहेत, ते यासाठी.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. आपल्या जागेचे चार पत्ते वर लिहा: राउटरचा बाहेरचा, राउटरचा आतला, सर्व्हरचा, आणि तुमच्या मोबाइलचा. खाली दोन रकाने आखा, ‘कोणाकडून’ आणि ‘कोणास’. पहिल्या ओळीत मोबाइलवरून निघालेलं पॅकेट लिहा. दुसऱ्या ओळीत राउटरने पुढे सोडलेलं. तिसऱ्या ओळीत सर्व्हरचं उत्तर. चौथ्या ओळीत मोबाइलच्या हातात प्रत्यक्ष पडलेलं. चौथ्या ओळीचा ‘कोणाकडून’ आणि पहिल्या ओळीचा ‘कोणास’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. ते जुळत नसतील तर कागद तसाच समोर ठेवा आणि पान उलटा.